मोठ्या, आखूड केसांच्या कुत्र्यासाठी हिवाळी कोट: आधी माप, मग वारा, जाडी सगळ्यात शेवटी

कॅलगरी, एडमंटन, टोरांटो, मिनियापोलिस अशा गावी नव्यानं राहायला आलेल्या आणि घरी डॉबरमन, बॉक्सर किंवा वायमरानर असलेल्या मराठी मंडळींचा ऑक्टोबर लागला की ठरलेला प्रश्न येतो: कोट कुठला घेऊ? दुकानात गेल्यावर बहुतेक जण कापड बोटांत धरून चाचपतात आणि हाताला सगळ्यात जाड लागेल तो कोट उचलतात. पलंगावर लोळणाऱ्या छोट्या कुत्र्याला तो चालूनही जाईल. पण तीस-चाळीस किलोचा, सुटला की वाऱ्यासारखा पळणारा कुत्रा असेल तर जाडी ही शेवटी बघायची गोष्ट आहे. आधी खांदे मोकळे हवेत आणि छाती झाकलेली हवी, मग वारा-पाणी अडायला हवं, आणि उबेचा हिशेब त्यानंतर. मी कॅनडातल्या कॅलगरीत राहते, घरी खंडू नावाचा डॉबरमन आहे. पुढचं सगळं त्याच क्रमानं लिहिते.

पायरी १: आपल्या कुत्र्याला कोट लागतो का?

नुसते केस आखूड दिसले म्हणून कोट लागतोच असं नाही. लॅब्रेडोरचे केस आखूडच असतात, पण त्यांच्याखाली अंगालगत मऊ, दाट लव असते. ती हवा धरून ठेवते आणि पाणी कातडीपर्यंत पोहोचू देत नाही. निरोगी लॅब उणे दहातही मजेत लोळतो. डॉबरमन, बॉक्सर, विझ्ला, वायमरानर, डाल्मेशियन यांच्या अंगावर ही आतली लव नसते किंवा नावापुरती असते. केस पाठीवर उलटे फिरवून बघा. लगेच कातडी दिसली तर तुमचा कुत्रा या गटातला. शिवाय डॉबरमनसारख्या सडपातळ कुत्र्याच्या कातडीखाली चरबीही फारशी नसते. पोट, काखा, मांडीची आतली बाजू आणि कानांची टोकं तर जवळजवळ उघडीच. गारठा आधी तिथंच लागतो.

साधारण अंदाज असा धरा. सात-आठ अंशांच्या खाली या कुत्र्यांना थांबल्यावर गार वाटू लागतं. शून्याच्या खाली रोजच्या फेरीला कोट हवाच. उणे सहा-सातच्या खाली उघड्या अंगानं बराच वेळ बाहेर ठेवणं धोक्याचं. पिल्लू, म्हातारा, आजारातून उठलेला किंवा बरगड्या दिसणारा कुत्रा असेल तर हे आकडे आणखी वर सरकवा.

हवामानाच्या ॲपवर तापमानाशेजारी 'विंड चिल' दिसतो, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारी थंडी, तो बघायची सवय लावा. उणे १० अंश आणि ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर तो आकडा उणे २० च्या आसपास जातो. हे गणित माणसाच्या उघड्या चेहऱ्यासाठी मांडलेलं आहे, कुत्र्याला जसंच्या तसं लागू पडत नाही. तरी ज्याच्या पोटावर केसच नाहीत त्याला वारा किती झोंबेल याचा अंदाज त्यातून नक्की येतो.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगते. आजवर थंडीत ठीक असणारा कुत्रा अचानक हीटरला चिकटून बसायला लागला, खाणं तेवढंच असून वजन वाढलं, केस विरळ झाले, तर कोट शोधण्याआधी व्हेटकडे जा. थायरॉइड कमी पडण्याचा आजार डॉबरमनमध्ये बऱ्यापैकी आढळतो आणि थंडी सहन न होणं हे त्याचं एक लक्षण आहे. रक्ततपासणीत तो कळतो, रोजच्या गोळ्यांनी आटोक्यात राहतो.

पायरी २: मापं घ्या, आणि नीट घ्या

चुकीचे कोट घरी येतात ते इथेच. वजनावरून किंवा जातीच्या नावावरून कोट मागवू नका. तीस किलोचा बॉक्सर आणि तीस किलोचा डॉबरमन यांची अंगकाठी पार निराळी.

शिंप्याकडे असते तशी मऊ टेप घ्या. कुत्रा चारही पायांवर सरळ उभा हवा, मान समोर. एकानं समोर बसून खाऊ दाखवायचा, दुसऱ्यानं मोजायचं. बसलेल्या कुत्र्याची पाठ मोजली तर माप चुकतंच.

पाठ: गळ्यातला पट्टा मानेच्या मुळाशी जिथे टेकतो तिथून शेपटीच्या मुळापर्यंत. काही कंपन्या खांद्यांच्या मधल्या उंचवट्यापासून मोजायला सांगतात, त्यामुळे त्यांच्या तक्त्याशेजारचं चित्र आधी बघा. या दोन मापांत सहज सात-आठ सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणजे जवळपास एक साइज.

छातीचा घेर: पुढच्या पायांच्या लगेच मागे, छाती सगळ्यात खोल असते तिथून टेप पूर्ण फिरवून. टेपखाली दोन बोटं सरकली पाहिजेत.

मान: मुळाशी, जिथे ती सगळ्यात रुंद असते तिथे. पट्ट्याचं माप इथे चालत नाही, कारण पट्टा बहुतेक वेळ वर सरकलेला असतो आणि तिथे मान बारीक असते.

कंबर: मागच्या पायांच्या पुढे, पोट आत जातं तिथे. बहुतेक तक्ते हे माप विचारतच नाहीत, पण खोल छातीच्या कुत्र्यासाठी ते घ्याच. खंडूची छाती ८४ सेंटिमीटर आणि कंबर ५८. एवढा फरक असला की छातीला बेतानं बसणारा कोट कमरेला लोंबतो, खालून वारा शिरतो आणि पळताना तो सगळा एका बाजूला फिरतो. म्हणून कमरेजवळ वेगळा, घट्ट करता येणारा पट्टा असलेला कोट शोधा.

आता दोन मापांची ओढाताण. पाठीचं माप एक साइज सांगतं आणि छातीचं दुसरी, हे मोठ्या कुत्र्यांत नेहमीचं. मी छातीचं माप धरते. पाठीला तीन-चार सेंटिमीटर कमी पडलं तर फारसं बिघडत नाही, छातीला आवळलं तर कुत्रा चालायलाच तयार होत नाही. कंपन्यांचे तक्तेही वेगवेगळे आधार धरतात. फिनलंडची हुर्टा पाठीच्या सेंटिमीटरवर साइज काढते, अमेरिकेतल्या ओरेगॉनची रफवेअर छातीच्या घेरावर. कॅनडातली चिली डॉग्ज तर लांब-सडपातळ आणि रुंद-भरदार अशा अंगकाठ्यांसाठी वेगळी मापं ठेवते, डॉबरमन किंवा ग्रेहाउंडवाल्यांना ते सोयीचं पडतं. कुठल्या कंपनीचा घ्यावा यापेक्षा तिचा तक्ता कशावर बेतलाय हे आधी समजून घ्या.

लातूर-नांदेडकडचा कारवान जातीचा कुत्रा कुणी परदेशी आणला असेल तर त्यालाही हेच लागू. खोल छाती, आत गेलेलं पोट, लांब मान. नेहमीच्या 'लार्ज'च्या मागे लागू नका, ग्रेहाउंडसाठी शिवलेले कोट बघा.

कुत्रा अजून वाढतोय? मग पहिल्या हिवाळ्यात महागडा कोट घेऊ नका. उंची वर्ष-दीड वर्षात पुरी होते, पण छाती त्यानंतरही भरत जाते. पहिल्या वर्षी साधा, पट्टे भरपूर सैल करता येतील असा कोट पुरतो.

पायरी ३: खांदा आणि काख

उनाड कुत्र्याच्या बाबतीत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही पायरी, आणि दुकानात तिची चौकशीही कुणी करत नाही. कुत्रा पळताना पुढचा पाय खांद्यापासून लांब पुढे टाकतो. कोटाची पुढची शिवण खांद्याच्या सांध्यावरून आडवी गेली असेल तर प्रत्येक ढांगेला ती घासते. तासभराच्या पळण्यानंतर खांद्यावरचे केस झिजलेले दिसतात, आठवड्यात टक्कल पडतं. आखूड केसांत हे फार लवकर होतं, कारण मधे लवेची गादीच नाही.

म्हणून कोट हातात घेतल्यावर आधी तो उलटा करा आणि शिवणी बघा. छातीवर पुढून एकच सलग तुकडा आहे का? काखेत जाड शिवण किंवा वेल्क्रोची कड येते का? खांद्याजवळचं अस्तर गुळगुळीत आहे का? खांद्यापाशी सॅटीनसारखं निसटतं अस्तर असेल तर उत्तम. खरखरीत फ्लीस (लोकरीसारखं कृत्रिम कापड) खांद्यावर केस ओढते.

बाह्यांचे कोट, म्हणजे चारही पाय आत घालायचे, मी पळणाऱ्या कुत्र्याला घालत नाही. ओल्या बर्फात बाही भिजते, गोठते आणि कडक नळी होऊन बसते. बैलाच्या झुलीसारखा वरून पडणारा, छातीवर आणि पोटाखाली बांधला जाणारा कोट बरा. फक्त त्याला छातीपुढे आणि पोटाखाली खरोखरचं कापड हवं, नुसते पट्टे नकोत. आणि कुत्रा नर असेल तर पोटाखालचं कापड पुरेसं मागून कापलेलं हवं, नाहीतर पहिल्याच फेरीत ते लघवीनं भिजतं आणि उणे पंधरात भिजलेलं कापड पोटाला लावून चालायची शिक्षा त्या बिचाऱ्याला होते.

पायरी ४: वारा आणि पाणी

कॅलगरीत जानेवारीतली थंडी कोरडी असते. बर्फ भुरभुरीत, झटकला की पडतो. इथे पूर्ण जलरोधक कोटापेक्षा वारा अडवणारं घट्ट विणीचं नायलॉन किंवा पॉलिएस्टर महत्त्वाचं. वर पाणी न धरणारा थर असला की पुरे. व्हँकुव्हर, लंडन, ॲमस्टरडॅमसारख्या गावी उलटं. तापमान तीन-चार अंश, पण दिवसभर रिपरिप. तिथे शिवणीसुद्धा पाणी न झिरपणाऱ्या हव्यात, नाहीतर कोट स्पंजासारखा पाणी पितो. 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलेला कोट थोड्या भुरभुरीपुरता असतो. पावसाच्या गावी 'वॉटरप्रूफ'च बघा.

फ्लीस एकटी बाहेर घालायची असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. वारा तिच्यातून आरपार जातो आणि बर्फाच्या गोळ्या तिला चिकटून बसतात. वाऱ्याच्या दिवशी ती कोटाच्या आतच बरी. सुती कापड हिवाळ्यात नकोच. ते भिजतं आणि वाळत नाही.

विक्रेते 'हवा खेळती राहणारं कापड' म्हणून जादा पैसे लावतात. माणसाला त्याचा उपयोग जास्त, कारण आपल्याला अंगभर घाम येतो. कुत्र्याला घाम जवळजवळ फक्त पंजांच्या गाद्यांना येतो, अंगातली उष्णता तो धापा टाकून बाहेर सोडतो. तरी बर्फात लोळून ओल्या झालेल्या केसांची वाफ बाहेर पडायला हवी, म्हणून आतून प्लॅस्टिकसारखं लागणारं कापड मी घेत नाही. पण या एका गुणासाठी दुप्पट दाम मोजायची गरज नाही.

पायरी ५: ऊब किती?

आता जाडी. आतल्या भरणीचं वजन चौरस मीटरमागे ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, घोड्यांच्या ब्लँकेटवर असतं तसं. शंभर-दीडशे ग्रॅम म्हणजे मध्यम, दोनशेच्या वर म्हणजे भारी. पिसांच्या भरणीचा कोट हलका आणि उबदार असतो खरा, पण भिजला की पिसं गोळा होऊन ऊब जाते. बर्फात लोळणाऱ्या कुत्र्याला पॉलिएस्टरची भरणच बरी.

ऊब देते ती आत अडकलेली हवा. म्हणूनच जाड कोट आवळून बांधला तर भरण दबते, हवा निघून जाते आणि पैसे देऊन घेतलेली ऊबही जाते.

उनाड कुत्र्याचा खरा पेच असा: पळताना त्याला कोट नकोसा होतो आणि थांबला की लगेच हवासा. मैदानात वीस मिनिटं चेंडूमागे धावलेला डॉबरमन तापलेला असतो. मग तुम्ही ओळखीच्या कुणाशी गप्पा मारत उभे राहता, आणि ओलसर केसांवर वारा लागून तो कुडकुडू लागतो. एकच भारी कोट दोन्ही वेळी चुकीचा ठरतो. शक्य असेल तर दोन थर घ्या: बिनभरणीचा किंवा पातळ अस्तराचा, वारा अडवणारा कोट, आणि त्याच्या आत घालायला अंगासरशी फ्लीस. उणे पाचात पळायला नुसता वरचा. उणे पंधरात दोन्ही. उणे पंचवीसच्या खाली गेलं की दोन्ही घालून पाच-दहा मिनिटांत शी-शू उरकायची आणि घरी, मग खेळ घरातच.

कॅलगरीकरांना तर थर लागतातच. चिनूकचा उबदार वारा सुटला की काही तासांत तापमान पंधरा-वीस अंशांनी चढतं. सकाळी उणे अठरा, दुपारी शून्याच्या वर. सकाळचा भारी कोट दुपारी घातला तर कुत्रा उकडून निघेल.

पैसे एकाच कोटापुरते असतील तर मध्यम भरणीचा, वारा अडवणारा घ्या आणि आतली फ्लीस घरी शिवा. फ्लीसचे धागे सुटत नाहीत, कडा दुमडाव्या लागत नाहीत. आधी जुन्या चादरीचा तुकडा कुत्र्याच्या अंगावर टाकून खडूनं आखा, कापा, घालून बघा, मग त्यावरून फ्लीस बेता. शिवणयंत्र असेल तर एका दुपारचं काम.

पायरी ६: बक्कल, हार्नेस, रंग

दुकानात हातमोजे घालून बक्कल लावून बघा. उणे वीसमध्ये बोटं उघडी करून बारीक चाप लावत बसणं कुणालाच जमत नाही. वेल्क्रोत बर्फ शिरला की तो धरत नाही, शिवाय आखूड केसही ओढतो, म्हणून पोटाखाली बक्कल आणि छातीपुढे वेल्क्रो अशी जोडी मला बरी वाटते. चेन (झिप) पाठीवर असेल तर तिच्याखाली कापडाची पट्टी हवी, नाहीतर केस अडकतात.

हार्नेस, म्हणजे छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा, आत घालणार असाल तर कोटाला पाठीवर भोक हवं, आणि ते तुमच्या हार्नेसच्या कडीवरच यायला हवं. दुकानात हार्नेस घालूनच कुत्रा न्या. हार्नेस वरून घातला तर भरण दबते, म्हणून तो पातळ कोटावरच चालतो. मागच्या पायांचे इलॅस्टिकचे फासे कोट वाऱ्यानं उडू देत नाहीत, पण सैल लोंबत असतील तर पळताना त्यात पाय अडकतो.

डिसेंबरात कॅलगरीत साडेआठच्या सुमारास सूर्य उगवतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतो. नोकरी करणाऱ्या माणसाच्या दोन्ही फेऱ्या अंधारात होतात. काळ्या डॉबरमनला काळा कोट घालू नका. केशरी किंवा पिवळा घ्या, आणि चमकणाऱ्या पट्ट्या दोन्ही बाजूंना असाव्यात, नुसत्या पाठीवर नकोत. गाडीचे दिवे बाजूनं पडतात.

पायरी ७: घरात चाचणी

किमतीची चिठ्ठी न काढता घरातच घालून बघा. कुत्र्याला बसवा, उठवा, आडवं होऊ द्या, जिन्यावरून वर-खाली न्या, चेंडू टाका. मग बघा: कोट एका बाजूला फिरला का? बसल्यावर गळ्याला दाबतो का? छातीपाशी तुमचा सपाट तळहात आत शिरेल एवढा सैल आहे का? मागची कड शेपटीच्या मुळाशी थांबते का? त्यापुढे गेली तर शी करताना भरते.

काही कुत्रे कोट अंगावर पडला की पुतळ्यासारखे उभे राहतात. घाई करू नका. पहिल्या दिवशी नुसता हुंगू द्या आणि खाऊ द्या. मग अंगावर टाकून काढून घ्या. मग बांधून जेवणाचं भांडं पुढे ठेवा. थोड्याच दिवसांत कोट दिसला की दाराकडे धाव घेतात. डोक्यातून घालायचा कोट ज्याला आवडत नाही त्याच्यासाठी गळ्यापाशी उघडणारा घ्या.

पायरी ८: बाहेर लक्ष कशावर ठेवायचं

दर दहा-पंधरा मिनिटांनी हातमोजा काढून कोटाच्या आत, कोपराच्या मागे हात घाला. कोरडं आणि उबदार लागलं तर ठीक. दमट आणि गरम लागलं, किंवा जीभ रुंद बाहेर काढून तो धापा टाकत बर्फ खात असेल, तर एक थर उतरवा. पंजे आळीपाळीनं उचलणं, पाठ कुबडवणं, शेपूट आत घालणं, घराकडे ओढणं ही थंडी वाजल्याची चिन्हं.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश असतं. थरथरत असलेला कुत्रा अचानक थरथरायचा थांबला, सुस्तावला, पाय अडखळू लागले तर ती आणीबाणी समजा. कोरडा करा, ब्लँकेटमध्ये गुंडाळा, टॉवेलात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या लावा आणि व्हेटला फोन करा. कानाची टोकं किंवा शेपटीचं टोक पांढुरकं-करडं आणि कडक झालं असेल तर चोळू नका. कान झाकणारी विणलेली टोपी मिळते, उणे पंधराच्या खाली ती घालावी. रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ पंजांना लागतं, ते घरी आल्यावर कोमट पाण्यानं धुवा.

कोट घालून कुत्र्याला एकटं सोडू नका, पिंजऱ्यात तर नाहीच. पट्टा अडकतो आणि चावून गिळलेला तुकडा आतड्यात जातो. ओळख नसलेल्या कुत्र्याशी दंगामस्ती होणार असेल तर आधी काढून घ्या.

भारतात असाल तर

पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात निरोगी डॉबरमनला फिरताना कोट लागत नाही. रात्री झोपायला जमिनीपासून उचललेली खाट आणि पांघरूण पुरे. निफाडकडे पारा पाच अंशांपर्यंत उतरतो त्या दिवसांत म्हाताऱ्या कुत्र्याला पहाटे पातळ फ्लीस घाला. दिल्ली-चंदीगडच्या धुक्यात साधा, पातळ अस्तराचा कोट चालतो. तिथे तो दिवसभर घालून ठेवायची पद्धत दिसते, ती चुकीची आहे. दुपारी ऊन पडतं.

धुणं आणि ठेवणं

धुण्याआधी वेल्क्रो आणि बक्कल बंद करा. थंड पाणी, थोडा साबण. कपडे मऊ करणारं लिक्विड घालू नका, त्यानं पाणी न धरणारा थर निकामी होतो. लेबलवर चालत असेल तर ड्रायरमध्ये मंद आचेवर फिरवा, तो थर थोडा जागा होतो. वरून पाणी शिंपडून बघा. थेंब घरंगळायचे थांबले आणि कापड गडद होऊ लागलं तर पाणी अडवायचा स्प्रे मारायची वेळ आली. मीठ लागलेला कोट तसाच टांगून ठेवला तर चेनचे दात आणि बक्कलाचे सांधे धरतात, म्हणून निदान खालची कड रोज पुसून घ्या.

मार्चअखेर दुकानांत हिवाळी माल स्वस्त होतो आणि मोठ्या मापांचे कोट तेव्हा उरलेले असतात. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याचा पुढच्या वर्षीचा कोट घ्यायला तो काळ चांगला. फक्त सप्टेंबरात पुन्हा एकदा टेप लावून बघा, उन्हाळ्यात वजन कमी-जास्त झालेलं असतं.